भीड, शेजारधर्म आणि सहा एमएमचं भोक

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध वाटून झालं आणि तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक बोलायला उभे राहिले. विषय होता ‘हरवलेला शेजार’. बोलले छान. बालपण गिरगावच्या चाळीतलं. त्यामुळे साखरेची वाटी आली, एका घरी शिजलेली आमटी चार घरी कशी जायची ते आलं, रात्री-बेरात्री दवाखान्यात धावणारी पोरं आली. मग गाडी हळूच माझ्या फलाटावर लागली. हल्ली मदतीचंसुद्धा वेळापत्रक लावणारी माणसं निघाली आहेत, म्हणाले. मदत आणि अट हे दोन शब्द एका वाक्यात शोभत नाहीत. नाव घेतलं नाही, पण टाळ्या वाजवताना लोक कुणाकडे बघत होते ते चांदण्यातही दिसत होतं.

वेळापत्रक आहे, हे खरं. मी आयटीआयचा फिटर. सगळी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात गेली. घरी ड्रिल मशीन, पान्ह्यांचा संच, ओळंबा, टेस्टर, सहा फुटी शिडी, सगळं आहे आणि वापरायची हौसही आहे. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. रविवारी दहा ते बारा. मशीन उसनं मिळणार नाही, मशीनबरोबर मी येईन. सामान आधी आणून ठेवावं. घरातलं एक मोठं माणूस हाताखाली हवं. भिंतीतली पाण्याची लाइन, विजेचा नवीन पॉइंट, गॅस, बीम-कॉलम आणि गॅलरीच्या बाहेर लोंबकळून करायचं काम मी करत नाही. हा कागद म्हणजे माणुसकीला सुतक, असा एकंदर सूर होता. गच्चीवर उत्तर देणं बरं दिसलं नसतं. दूध त्यांच्याकडचं होतं.

चाळीपासून सुरू करतो, कारण हल्ली प्रत्येक भाषण चाळीपासूनच सुरू होतं. चाळीत शेजार होता, याबद्दल वाद नाही. बाळंतपण, आजारपण, मयत, लग्नाची पंगत यांत शेजारी नातेवाइकांच्या आधी पोचायचे. पण चाळीतली खोली भाड्याची असायची. भिंत मालकाची, छप्पर मालकाचं, जिना मालकाचा, नळ आणि संडास सामाईक. मोडतोड झाली तर शेजाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या नावाने ओरडायचं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली गेली. मग मालकाला दुरुस्ती परवडेना, ज्याला परवडत होती तोही करेना, इमारती खचायला लागल्या. शेवटी १९६९ साली कायदा करून सरकारला दुरुस्ती मंडळ उभारावं लागलं आणि त्यासाठी उपकर लावावा लागला. आजही मुंबईत ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द लोक रोजच्या बोलण्यात वापरतात. गळक्या छताचा प्रश्न साखरेच्या वाटीने सुटला असता, तर हा शब्द जन्मालाच आला नसता.

आणि घरात सुधारायला तरी काय होतं? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात सुधारणा म्हणजे भांड्यांची एक फळी, फार तर माळा. शेजाऱ्याने येऊन फळीचं एक टोक धरायचं, दुसऱ्याने खिळा ठोकायचा, मग चहा. असलं काम मला आज कुणी सांगितलं तर मी कागदाकडे बघणारही नाही. माझ्याकडे येणारी मागणी वेगळी असते. “काका, मॉड्युलर किचन येतंय पुढच्या आठवड्यात, तेवढा जुना ओटा काढून द्याल?” तेवढा! ओटा काढायचा म्हणजे कडप्पा फोडायचा, सिंकचा पाइप सांभाळायचा, खालच्या विटा पाडायच्या, भिंतीच्या टाइल्स हलल्या की त्याही काढायच्या आणि राडारोडा गोण्यांत भरून तीन जिने उतरवायचा. दोन माणसांचे दोन दिवस गेले. ज्या घरात लाखांचं किचन येतंय, तिथं ओटा काढायला मिस्त्री लावायचे पैसे मात्र नसतात. हा हिशेब मला अजून कळलेला नाही.

चाळ झाली की भाषणात गाव येतं. प्राध्यापकांचंही आलं. गावात म्हणे कुणी मोजत नसे. हे मात्र साफ चूक आहे, आणि माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं असल्यामुळे मी हे ऐकून घेणार नाही. गावात सगळं मोजलेलं होतं. मोजणं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा आवाज येत नव्हता, एवढंच. दोन शेतकऱ्यांकडे एकेक बैल असला तर ते पैरा करायचे. एक दिवस तुझ्या रानात, एक दिवस माझ्या. पैरा फेडावा लागे. जो फेडत नसे त्याच्याशी पुढच्या वर्षी कुणी पैरा करत नसे, आणि त्याबद्दल पारावर कुणाला वाईटही वाटत नसे. मराठवाड्यात यालाच वारंगुळा म्हणतात. इर्जिक घ्या. एखाद्याची नांगरट अडली तर गावातली औतं त्याच्या रानात उतरायची. पण इर्जिकीला दिवस ठरलेला, काम ठरलेलं, आणि ज्याचं रान त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं हेही ठरलेलं. नांगरट करायला आलेल्या माणसाला कुणी “आलायच तर गोठाही शाकारून जा” असं म्हणत नसे. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात भातखाचरं घडवण्याची पडकई होती, तीही आळीपाळीवर चालायची. आज माझं खाचर, उद्या तुझं.

बलुतेदारी तर हिशेबावरच उभी होती. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ उघडा, कुणाला कशाबद्दल काय मिळायचं याचा तपशील बघून डोळे फिरतात. सुताराने शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर वर्षभर नीट ठेवायची, त्याबद्दल खळ्यावर धान्य घ्यायचं. पण त्याच शेतकऱ्याला नवी गाडी करायची असली किंवा घर बांधायचं असलं, तर बहुतेक ठिकाणी ते बलुत्यात बसत नसे. त्याची मजुरी वेगळी. डागडुजी वेगळी आणि नवं बांधकाम वेगळं, ही रेघ निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या गावाला ठाऊक होती. माझ्या दारामागच्या कागदावर तीच आहे.

गावगाड्याचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्या गाड्याखाली काय चिरडलं जात होतं तेही त्याच इतिहासात आहे. ज्यांच्या कामाला रेघच आखलेली नव्हती अशीही माणसं त्या गावात होती. महार वतनदाराला कुठलंही सरकारी काम, कुठल्याही वेळी सांगता येत असे. तो नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला. आणि मोबदला मात्र अनिश्चित. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्यामागे हेच दुखणं होतं. ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. माझ्या रविवारची त्या वेठीशी बरोबरी करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण ‘आपल्यात कसला आलाय हिशेब’ हे वाक्य इतिहासात नेहमी काम सांगणाराच म्हणत आला आहे, करणारा कधीच नाही, हे चाळ-गावाचं चित्र रंगवताना लक्षात ठेवलेलं बरं.

आता कागदावरच्या ‘करत नाही’ या ओळीबद्दल. यावर सगळ्यात जास्त हशा झाला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने गेल्या उन्हाळ्यात दीड टनाचा एसी आणला. बेडरूममध्ये मोबाइल चार्जिंगचा प्लग होता, तिथून एक वायर ओढून एसी चालू करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे, असं त्याचं म्हणणं. पाच मिनिटांचंच होतं. पण त्या प्लगच्या मागची वायर बारीक. एसीला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो आणि डीबीपासून जाड वायरची स्वतंत्र लाइन, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी. तसं न करता जोडला असता तर चालला असता. पहिल्या दिवशी चालला असता, पहिला महिनाही चालला असता. वायर भिंतीच्या आत तापते, बाहेर कळत नाही. मी नाही म्हणालो, लायसनवाल्या कंत्राटदाराचा नंबर दिला, आणि त्याने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत ही रेघ स्वच्छ आखलेली आहे. वायरिंगचं नवं काम, वाढीव काम, बदल, दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदारानेच करायची. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला सूट आहे, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. १९५६च्या जुन्या नियमांतही हेच होतं. म्हणजे शेजाऱ्याचा रेग्युलेटर बदलून देणारा मी आणि एसीचा पॉइंट काढून न देणारा मी, दोघंही कायद्याला माहीत आहेत. फक्त सोसायटीला माहीत नाहीत.

बाथरूमचा धडा मात्र मी नियम वाचून शिकलो नाही. तो पैसे आणि एक शेजार घालवून शिकलो. कागद लावायच्या आधीची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची नहाणी तुंबायची. जाळी बदलायची होती. मी गेलो, बघितलं, ट्रॅपच फुटलेला दिसला. तिथं थांबून “प्लंबर बोलवा” म्हणायला हवं होतं. पण वहिनींनी पोहे केले होते, त्यांचा मुलगा मोठ्या कौतुकाने बघत होता, आणि भीड ही भिकेची बहीण असते. मी छिन्नी-हातोडी आणली. ट्रॅपभोवतालच्या चार टाइल्स काढल्या, नवा ट्रॅप बसवला, सिमेंट भरलं, टाइल्स परत लावल्या, व्हाइट सिमेंटने सांधे भरले. दिसायला काम कंपनीत पास झालं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाथरूमच्या टाइल्सखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि त्याच्याबरोबर वॉटरप्रूफिंगचा थर. छिन्नी टाइलवर चालते तेव्हा धक्का खालच्या थरालाही बसतो. म्हणून जाणकार माणूस टाइल लावायच्या आधी नहाणी बंद करून पाणी साठवतो, किमान एक दिवस-रात्र ठेवतो, खालच्या घरात जाऊन छत बघतो आणि मगच पुढे जातो. याला पाँड टेस्ट म्हणतात. मला हे ऐकून माहीत होतं. पण एकच बाथरूम असलेल्या घराला एक दिवस अंघोळ बंद करा म्हणायचं, तेही फुकट काम करणाऱ्याने! संकोच वाटला. दहा-बारा दिवसांनी खालच्या घराच्या छताला बशीएवढा डाग पडला. महिन्यात तो परातीएवढा झाला.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत संडास, सिंक यांसारखी घरातल्या घरात होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. सदस्य म्हणजे वरचे. वरचे म्हणाले, काम यांनी केलं. खालचे म्हणाले, आम्हाला कुणी केलं त्याच्याशी घेणं नाही, छत रंगवून द्या. अख्खं बाथरूम परत उकरलं गेलं. निम्मे पैसे मी दिले, कुणी मागितले नव्हते तरी. आणि मी दिले याचाच वरच्यांना राग आला, कारण आता खालच्यांच्या लेखी दोष सिद्ध झाला होता. पोहे परत कधी आले नाहीत.

या सगळ्यात मला जे कळलं ते शेजारधर्माच्या भाषणांत कधी येत नाही. वहिनींना ते काम पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. एक टाइल किंचित उचललेली होती, पाय अडखळायचा. हे त्यांनी मला सांगितलं नाही. कसं सांगणार? माणूस रविवार मोडून आला, घामाघूम झाला, एक पैसा घेतला नाही. पैसे घेतलेल्या मिस्त्रीला “हे वाकडं झालंय, परत करा, नाहीतर उरलेले मिळणार नाहीत” असं ठणकावता येतं. फुकट काम करणाऱ्याला फक्त “वा, छान” म्हणता येतं. म्हणजे माझ्या उदारपणाने मी त्यांचा बोलायचा हक्क काढून घेतला होता. पाँड टेस्टचं मी बोललो नाही, टाइलचं त्या बोलल्या नाहीत, आणि दोन सुसंस्कृत माणसांच्या न बोलण्यातून पाणी तिसऱ्याच्या छतावर उतरलं. अटी घातल्या की मदत व्यवहार होते, असं प्राध्यापक म्हणतात. होऊ दे. व्यवहारात निदान तक्रारीला जागा असते.

मशीन उसनं न देण्यावर माझा कंजूषपणा निघाला. माझं पहिलं मशीन याच सोसायटीत गेलं. एकाने नेलं, त्याच्याकडून त्याच्या मेव्हण्याने, मेव्हण्याकडून मेव्हण्याच्या मित्राने. आलं तेव्हा चकची चावी नव्हती आणि कार्बन जळाल्याचा वास होता. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १५९ नुसार वापरायला फुकट दिलेली वस्तू, मुदत ठरवून दिली असली तरी, देणाऱ्याला कधीही परत मागता येते. पण तिच्या भरवशावर घेणाऱ्याने काही केलं असेल आणि अवेळी मागण्याने त्याचं झालेल्या फायद्याहून जास्त नुकसान होत असेल, तर भरपाई देणाऱ्याने द्यायची. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाने याचा विचार केला होता आणि आपण अजून “घरचंच आहे, राहू द्या” म्हणतो. शिवाय प्रश्न मशीनचा नाहीच. स्विचबोर्डच्या बरोबर वरच्या रेषेत ड्रिल घालायचं नसतं, तिथून वायरी गेलेल्या असतात, हे मशीन सांगत नाही. ते मशीनवाल्याला सांगावं लागतं. म्हणून मशीनबरोबर मी येतो.

हाताखाली माणूस हवा, ही अट लोकांना सगळ्यात जास्त खटकते आणि मला सगळ्यात प्रिय आहे. आमच्याकडे एक पद्धत पडलीय. काका काम करतात, घरमालक दुसऱ्या खोलीत मॅच बघतो, मधून येऊन “झालं का?” विचारतो. हातांचं काम ही कुणाचीतरी हौस आहे अशी सुशिक्षितांची पक्की समजूत आहे, आणि हौसेला मोल नसतं. माझी बायको याला लष्करच्या भाकऱ्या म्हणते, तीस वर्षं म्हणते आहे. हाताखाली राहिलेल्या माणसाला दोन गोष्टी कळतात. शिडीवर हात वर करून दहा मिनिटं उभं राहिलं की खांदे काय म्हणतात ते कळतं. आणि सहा एमएमचं भोक, त्यात बसणारी गिट्टी, त्या गिट्टीत जाणारा स्क्रू यांचं नातं कळतं. पुढच्या वेळी तो मला हाक मारत नाही. ज्याची मदतीची कल्पना ‘दर वेळी हाक’ अशी आहे, त्याला हा तुसडेपणा वाटणारच.

आणखी एक बाब आहे, तिच्यावर गच्चीवर कुणीच बोललं नाही. सकाळी आठ वाजता आमच्या चौकात नाक्यावर जे गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात, तेही कुणाचे तरी शेजारी आहेत. मी ओटा फुकट काढला तर नाक्यावरच्या दोघांचे दोन दिवस गेले. मला पेन्शन आहे. त्यांना नाही.

वेळापत्रक सगळ्यांना सारखं लागत नाही, हे प्राध्यापकांना माहीत असायला हवं होतं. पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे रात्री अकराला लाइट गेली तरी मी टेस्टर घेऊन जातो. त्यांचा नळ, त्यांची कडी, त्यांच्या देवघराचा बल्ब यांना रविवार नसतो. पण आजींसाठी रात्री अकराला जाण्याची ताकद शिल्लक राहते ती दिवसभर बाकीच्या घरांना नाही म्हटल्यामुळे. वय झालंय. सगळ्यांना हो म्हटलं असतं तर त्या रात्री माझी कंबर मला उठू देणार नव्हती.

म्हातारपणी कुणी विचारणार नाही, असा इशाराही भाषणाच्या शेवटी होता. मी म्हाताराच आहे. कागद लावून चार वर्षं झाली. या चार वर्षांत एका ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात होतो, तेव्हा डबा कुणाकडून आला त्याची यादी बायकोने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. एसीवाला तरुण त्या यादीत तीनदा आहे. ज्यांच्याकडे मी सगळं काही मुकाट्याने करून दिलं होतं, ते वरचं कुटुंब त्या यादीत नाही.

कोजागिरीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सव्वादहाला बेल वाजली. दारात प्राध्यापक, हातात भिंतीवरचं घड्याळ. खिशातून कागदाची पुडी काढून दाखवली. त्यात गिट्ट्या होत्या, सहा एमएमच्याच. मी मशीन घेऊन खाली गेलो, खूण करून दिली आणि मशीन त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा सावरला, डोळे मिटले, आणि बटण दाबलं. मी म्हणालो, “सर, डोळे उघडे ठेवून.”